बँडचा पहिला ईपी: जॅमरूमपासून रिलीजच्या शुक्रवारपर्यंत

मी पुण्यात मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड झालेली वाद्यं आणि गळा एकत्र बसवून गाणं तयार करतो. त्याआधी बारा वर्षं दोन बँडमध्ये बास वाजवला. नवे बँड माझ्याकडे गाणी घेऊन येतात तेव्हा बहुतेकांची गोष्ट सारखीच असते: स्टुडिओचं भाडं भरून झालंय, ड्रम्स क्लिकच्या (हेडफोनमध्ये ताल धरणाऱ्या टिकटिकीच्या) पुढेमागे पळतायत, तिसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं अजून लिहायचंय आणि रिलीजची तारीख मात्र इन्स्टाग्रामवर टाकून मोकळे. पोरं वाजवतात चांगलं. कामं उलट्या क्रमाने करतात, तिथे घोडं अडतं.

खालचा क्रम ड्रम्स, बास, गिटार आणि गायक अशा चौघांच्या बँडसाठी आणि चार गाण्यांच्या ईपीसाठी आहे. चारच का? चार ते सहा गाणी आणि एकूण लांबी अर्ध्या तासाच्या आत असली की ॲपल म्युझिक आणि स्पॉटिफाय त्याला ईपी म्हणतात. तीन छोटी गाणी टाकलीत तर ती सिंगल म्हणून दिसतात. पहिल्याच फटक्यात दहा गाण्यांचा अल्बम काढायचा हट्ट मी तरी करू देणार नाही.

टप्पा १: माणसं, पैसे, नाव

एकत्र वाजवायला मजा येते एवढ्यावर बँड ठरवू नका. पहिल्या महिन्यातच चहाच्या टपरीवर बसून चार गोष्टी बोलून घ्या: आठवड्याला किती तास देणार, महिन्याला किती पैसे घालणार, गाणी कोणत्या भाषेत, आणि कुणी गाव सोडलं तर काय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला ड्रमर घेताय? मग प्लेसमेंट बंगळुरूला लागली तर काय करायचं, हे त्याला आत्ताच विचारा. निदान ड्रम्स रेकॉर्ड होईपर्यंत थांबेन, एवढा शब्द घ्या.

दर महिन्याला सगळ्यांनी सारखी वर्गणी काढायची, ती एकाच्या खात्यात जमा करायची आणि हिशेब चौघांना दिसेल अशा शीटमध्ये ठेवायचा. "नंतर बघू" म्हणून ज्याने जॅमरूमचं (सरावाच्या खोलीचं) भाडं सहा महिने एकट्याने भरलं, त्याच्या मनात तो आकडा कायम राहतो. भांडण मात्र भलत्याच विषयावरून सुरू होतं.

नाव ठरवण्याआधी ते स्पॉटिफाय, यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात टाकून बघा. रजिस्ट्रीत वर्ग ४१ बघायचा, मनोरंजनाच्या सेवा त्यात येतात. त्याच नावाचा बँड दुसऱ्या खंडात असला तरी त्रास तुम्हालाच होतो, कारण तुमची गाणी त्यांच्या पानावर जाऊन बसतात.

तपासा: नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठरलंय का? ते लिहून ठेवा. टप्पा ८ मध्ये लागणार आहे.

टप्पा २: जॅमरूममध्ये गाणी पक्की करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. स्टुडिओपेक्षा जॅमरूमचा तास कितीतरी स्वस्त असतो, त्यामुळे चुका इथेच करून घ्या.

आधी आवाजाची पातळी. छोट्या खोलीत गिटारिस्ट अँप (ॲम्प्लिफायर) वाढवतो, मग बासवाला वाढवतो, मग ड्रमर जोरात मारतो आणि गायक दोन तास नुसता ओरडत असतो. उलटीकडून सुरुवात करा. ड्रम्सना आवाजाचं बटण नाही, म्हणून ड्रमरला त्याच्या नेहमीच्या ताकदीने वाजवायला सांगा. त्यावर गायकाचा आवाज, स्पीकरने शिट्टी न मारता, जितका वर येईल तितका आणा. गिटार आणि बास त्याच्या खाली बसवा. गायक ऐकू येत नसेल तर गिटार कमी करा, माइक वाढवू नका.

घरीच खोली करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले की खोलीतली घूम जरा कमी होते, पण शेजाऱ्यांच्या घरात जाणारा आवाज रतीभरही कमी होत नाही. आवाज अडवायला वजनदार भिंत, जाड दार आणि बंद फटी लागतात. आणि रात्री दहानंतर सोसायटीत ड्रम्स वाजवून सेक्रेटरीशी वाकडं घेऊ नका.

प्रत्येक जॅम फोनवर रेकॉर्ड करा. फोन अँपपासून लांब, खोलीच्या मधोमध, कानाच्या उंचीवर ठेवा. ऐकायचं मात्र दुसऱ्या दिवशी. त्याच रात्री सगळंच भारी वाटतं.

मग टेम्पो. प्रत्येक गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) ठरवा आणि लिहून ठेवा. ११८ आणि १२२ मधला फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण गायकाच्या तोंडात शब्द मावतात की नाही ते त्याच चार ठोक्यांवर ठरतं. शेवटचे सहा-सात जॅम तरी ड्रमरच्या हेडफोनमध्ये क्लिक हवी. स्टुडिओत पहिल्यांदा क्लिक ऐकणाऱ्या ड्रमरचा अख्खा दिवस तिच्याशी झुंजण्यात जातो.

मराठीत गाणाऱ्यांसाठी आता थोडं सविस्तर, कारण इथे हमखास घोळ होतो. बँडमध्ये चाल बहुतेक वेळा आधी होते, "ना ना ये ये" किंवा खोट्या इंग्रजीत. नंतर कुणीतरी तिच्यावर मराठी शब्द बसवतो आणि लघु-गुरूचा बोऱ्या वाजतो. लांब सुरावर "मन" आला की ऐकणाऱ्याला "मान" ऐकू येते. "जग"चं "जाग" होतं. "पाऊस" घाईत घेतला की "पौस". यावर उपाय साधा आहे: ओळ आधी सुराशिवाय, फक्त तालात बोलून बघा. बोलताना जे अक्षर आपण लांबवत नाही ते गाण्यात लांबत असेल तर शब्द बदला किंवा चाल वाकवा. तसंच "अंधारात" वरच्या सुरावर संपत असेल तर लांबवायचा तो "रा". "त" नुसता टेकवून सोडायचा. "अंधारातऽऽ" असं गायलात की तुमच्या रॉकचं भावगीत झालं म्हणून समजा. भावगीत वाईट नसतं, पण डिस्टॉर्शन लावून कुणी ते मागितलेलं नाही.

तपासा: चारही गाणी सलग, न थांबता, क्लिकवर, एकाच बैठकीत तीनदा वाजवा. एकदा जरी कुणी "पुढे काय होतं रे?" असं विचारलं तरी स्टुडिओला फोन करू नका.

टप्पा ३: घरचा डेमो

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि एक लॅपटॉप एवढं पुरतं. सॉफ्टवेअर म्हणून रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. आधी ठरलेल्या बीपीएमची क्लिक टाका, तिच्यावर साधी गिटार आणि कच्चा गळा घ्या. ड्रम्स प्रोग्राम केलेले चालतील.

याचे दोन फायदे. एक म्हणजे गाण्याची रचना नागडी दिसते. जॅमरूममध्ये झकास वाटलेला दीड मिनिटाचा इंट्रो डेमोत ऐकताना तुमचाच हात पुढे ढकलायला जातो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच एक स्ट्रीम मोजला जातो, तेव्हा गळा कधी सुरू होतो ते घड्याळ लावून बघा. दुसरा फायदा असा की हाच प्रोजेक्ट स्टुडिओत गाइड ट्रॅक म्हणून (ज्याच्यावर बाकीचे वाजवतात तो कच्चा ट्रॅक) चालतो, त्यामुळे तिथला तास-दीड तास वाचतो.

टप्पा ४: कागद, स्टुडिओच्या आधी

हा टप्पा सगळे शेवटी ठेवतात. माझ्या पहिल्या बँडचं सगळ्यात चांगलं गाणं आजतागायत कुठेही आलेलं नाही. रेकॉर्ड झालं, मिक्स झालं आणि मग "चाल कुणाची" यावर दोघे अडून बसले. तेव्हा कुणाकडे एक ओळ लिहिलेली नव्हती.

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द हे एक खातं, चाल हे दुसरं, ध्वनिमुद्रण हे तिसरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, म्हणजे ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची तो. एखादा मित्र, काका किंवा छोटं लेबल खर्च उचलत असेल तर रेकॉर्डिंग कुणाचं हे आधीच कागदावर आलं पाहिजे.

प्रत्येक गाण्यासाठी एक पान करा. त्यावर गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचे किती टक्के, रेकॉर्डिंगमध्ये कुणाचा किती वाटा आणि चौघांच्या सह्या. चौघांना सारखा वाटा दिलात तरी चालेल, फक्त तो लिहा. बाहेरून सॅक्सोफोनवाला किंवा ढोलकीवाला बोलावलात तर त्याचं मानधन त्याच दिवशी द्या आणि त्याची लेखी संमतीही घ्या. हक्क कुणाला देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही लिहा. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर शब्द किंवा चालीसाठी कृतीमागे ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये शुल्क आहे.

सावधान: अभंग. रॉक बँडला तुकोबा फार आवडतात, आणि तुकोबांचे शब्द घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. पण जी चाल लहानपणापासून तुमच्या कानात आहे ती बहुधा गेल्या काही दशकांतल्या एखाद्या संगीतकाराची असते. शब्द घ्या, चाल स्वतःची करा. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर तर पहिल्या ईपीवर नकोच, त्याची परवानगी काढण्यात तुमचा उत्साह संपेल.

टप्पा ५: स्टुडिओ ठरवणं आणि आधीचा आठवडा

बुक करण्याआधी स्टुडिओत रिकाम्या हाताने एकदा जाऊन या. ड्रम्सच्या खोलीत टाळी वाजवून बघा. मग विचारा: ड्रमकिट भाड्यात धरलंय का, इंजिनिअर धरलाय का, ड्रम्सला किती माइक लागतील, सगळ्या कच्च्या फाइल्स मिळतील ना, लाइट गेली तर काय. गिटार जोडून अँप चालू करा आणि न वाजवता ऐका. ५० हर्ट्झची गुणगुण येत असेल तर अर्थिंगचं काय ते आधी मिटवायला सांगा.

पुण्यात तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. गणपतीच्या आधी दोनेक महिने ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू असतात, नदीपात्राच्या आसपास तर रोज संध्याकाळी. स्टुडिओ त्या बाजूला असेल तर गळ्याच्या माइकमध्ये ताशा फुकट येतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज घालवायची पद्धत आहे, तेव्हा जनरेटर नसेल तर गुरुवार टाळा.

आदल्या आठवड्यात गिटार-बासची सेटिंग करून घ्या. पावसाळ्यात नेक वाकते आणि बाराव्या फ्रेटवर सूर चढा-उतरा लागतो. ट्यूनरवर आपण फक्त मोकळ्या तारा बघतो, त्याने ते कळत नाही. तारा आणि ड्रमची स्किन आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नको. नव्या तारा दर पाच मिनिटांनी उतरतात. ॲक्टिव्ह बास असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी खिशात ठेवा. गायकाने आदल्या दिवशी जॅम करायचा नाही.

तपासा: चारही गाण्यांचे बीपीएम, स्वर आणि शब्द छापलेले आहेत? गाइड ट्रॅक पेनड्राइव्हवर? नसतील तर आजच करा.

टप्पा ६: रेकॉर्डिंगचा क्रम

चार गाण्यांना माझा हिशेब असा: ड्रम्सना एक पूर्ण दिवस, बासला अर्धा, गिटारला एक, गळ्याला दोन, म्हणजे दिवसाला दोनच गाणी. "दोन दिवसांत उरकू" म्हणणाऱ्यांचा गळा दुसऱ्या रात्री अकरा वाजता रेकॉर्ड होतो आणि तसाच ऐकू येतो.

पहिल्या दिवशीचा अर्धा वेळ ड्रम्स सुरात लावण्यात आणि माइक मांडण्यात जाणार. तो जाऊ द्या, इथे घाई नको. इंजिनिअर करेलच, पण एक गोष्ट तुम्हीही बघा. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या (ड्रमरच्या समोरच्या छोट्या ड्रमच्या) मधोमध धरा आणि दुसरं टोक डोक्यावरच्या एका माइकपर्यंत ताणून तिथे गाठ मारा. तीच सुतळी दुसऱ्या माइकपर्यंत न्या. गाठ बरोबर माइकवर आली पाहिजे. चार-सहा इंच फरक असेल तर स्नेअर एका माइकमध्ये आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचतो, दोन्ही एकत्र ऐकले की त्याचं अंग जातं आणि डबा वाजवल्यासारखा लागतो. मिक्समध्ये तो मग नीट भरत नाही. सुतळीला दोन मिनिटं लागतात.

ड्रम्स, मग बास, मग गिटार, मग गळा, शेवटी कोरस. गिटार आणि बास अँपवरून घेताना सोबत डीआयचा (वाद्य थेट तारेने जोडून घेतलेला) कोरा ट्रॅकही घ्या, म्हणजे अँपचा सूर पुढे नापसंत झाला तर तोच ट्रॅक पुन्हा अँपमधून काढता येतो. प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, गाण्यागणिक एकदा करून भागत नाही. चौथा टेक बसला नाही तर ते गाणं सोडून पुढचं घ्या आणि जेवणानंतर परत या. दहाव्या टेकला कुणीच चांगला वाजवत नाही, फक्त सगळे गप्प होतात.

गाण्याचा शेवट विसरू नका. शेवटचा क्रॅश हवेत विरत असताना ड्रमरच्या हेडफोनमधली क्लिक माइकमध्ये "टिक टिक" येते. शेवटच्या ठोक्याला क्लिक बंद करा असं इंजिनिअरला आधीच सांगा, आणि सिम्बल पूर्ण विरेपर्यंत कुणी हलू नका, "मस्त!" म्हणून ओरडू नका.

सावधान: स्टुडिओतून निघताना फाइल्स दोन डिस्कवर हव्यात, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत. एका बँडची अख्खी ड्रम सेशन ज्या एकुलत्या एक डिस्कवर होती, ती रिक्षात राहिली. तो ईपी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाला.

टप्पा ७: मिक्स आणि मास्टर

मिक्ससाठी फाइल्स देताना सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू होणारे, २४ बिट वेव्ह, रेकॉर्ड केले त्याच सॅम्पल रेटला. नावं वाचून कळतील अशी. "ऑडिओ_०७_नवीन_फायनल" नावाच्या फाइलमध्ये काय आहे हे उघडून ऐकण्यात माझा वेळ आणि तुमचे पैसे जातात. सोबत बीपीएम आणि तुमचा कच्चा मिक्स द्या.

सूचना एकाच माणसाने गोळा करून एकाच यादीत पाठवायच्या. चौघांनी चार व्हॉट्सॲप मेसेज टाकले की प्रत्येकाला स्वतःचं वाद्य वर हवं असतं. "गिटारमध्ये जरा जान आणा" यावरून मी काही करू शकत नाही. "१:१२ ला 'विझले' शब्द गिटारखाली बुडतोय" यावर लगेच करतो. दोन फेऱ्यांत संपवा. दोन मिक्सची तुलना करताना आवाज सारखा ठेवा, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरून फिरवायचा शेवटचा हात, शक्यतो दुसऱ्या कानांकडून करून घ्या. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं एकक) आसपास आवाज समान करतात, त्यामुळे गाणं पिळून मोठं करण्यात काही हशील नाही. तसंच उणे १४ चा आकडा गाठायलाच हवा असंही नाही. रॉक त्याहून मोठा असतो, प्लॅटफॉर्म तो खाली आणतो. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

टप्पा ८: अपलोड, स्पेलिंग आणि चार आठवडे

मास्टर हातात आल्यावरच तारीख ठरवा. शुक्रवार निवडा, जगभर २०१५ पासून नवं संगीत शुक्रवारीच येतं. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी सगळ्या प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) निदान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायला कमीत कमी सात दिवस आधी अर्ज लागतो, आणि तो चारांपैकी एकाच गाण्यासाठी करता येतो. कोणतं गाणं यावर आधीच भांडून घ्या. डिस्ट्रिब्युटर वार्षिक फीवाला असेल तर फी थांबल्यावर गाणी राहतात की उतरतात, ते सही करण्याआधी विचारा.

आता स्पेलिंग. "पाऊस" हे नाव रोमनमध्ये पाच जण पाच तऱ्हांनी लिहितील. बँडचं नाव, गाण्याचं नाव, गीतकार-संगीतकारांची नावं, सगळं एका पानावर एकाच पद्धतीने लिहा आणि तिथूनच कॉपी करा. एका ठिकाणी एक "ए" जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी दोन शब्दांत जागा, एवढ्याने बँडची दोन पानं तयार होतात आणि ऐकणारे वाटले जातात. भाषा म्हणून मराठीच निवडलीय ना, हे बघा. देवनागरी दिसली की घाईत हिंदीवर बोट पडतं.

ईपीच्या कव्हरचं चित्र चौकोनी, ३००० गुणिले ३००० पिक्सेल. त्यावर इन्स्टाग्रामचा पत्ता, वेबसाइट, किंमत काही नको, त्यावरून परत येतं. फोटो मित्राने काढला असला तरी त्याची लेखी परवानगी घ्या.

प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख-कोड, मिळतो. बहुतेक डिस्ट्रिब्युटर तो फुकट देतात. चारही कोड टप्पा ४ च्या कागदांवर लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तेच कोड आणि त्याच फाइल्स वापरा, म्हणजे जुने आकडे जायची भीती कमी.

सावधान: यूट्यूबच्या कंटेंट आयडीला (कुणाच्या व्हिडिओत कोणाचं गाणं आहे ते ओळखणाऱ्या यंत्रणेला) गाणी जोडताना तुमचा स्वतःचा चॅनल सवलतीच्या यादीत घाला. नाहीतर तुमच्याच व्हिडिओवर तुमचाच दावा येतो. रेडीमेड लूप (तयार मिळणारे संगीताचे तुकडे) वापरलेल्या गाण्याला कंटेंट आयडी लावूच नका, तोच लूप आणखी हजारांनी वापरलेला असतो.

टप्पा ९: रिलीज झाल्यावर

शुक्रवारी सकाळी चौघांनी प्लॅटफॉर्म वाटून घ्या आणि चारही गाणी शेवटपर्यंत ऐका. क्रम चुकलाय का, एखाद्या गाण्याचं शेपूट तुटलंय का, श्रेयनामावली बरोबर आहे का. चूक दिसली की त्याच दिवशी डिस्ट्रिब्युटरला लिहा.

गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेऊन गाण्यांची नोंद करायची आहे, टक्के टप्पा ४ च्या कागदावरचेच. हे काम "पुढच्या आठवड्यात" ठेवलं की वर्ष जातं. सीडी छापायच्या असतील तर आधी गिगला येणाऱ्या दहा जणांना विचारा की सीडी प्लेअर आहे का. टी-शर्ट छापा.

आणि पैशांचं: २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. पहिला हिशेब यायलाही दोन-तीन महिने लागतात. जो काही आकडा येईल तो वर्गणीच्या शीटमध्ये टाका, दोन्ही डिस्क एकदा जोडून उघडतात का बघा, आणि जॅमरूमची पुढच्या रविवारची वेळ कुणी घेतली नसेल तर ती आजच घ्या.